मावशीची चटणी आणि मोबाइलमधला गल्ला: घरगुती धंद्यासाठी कामाचा क्रम

गेल्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका बाईंचा कोल्हापूरच्या माझ्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, "अर्धा किलो चटणी पाठवा." मावशीने त्याच दिवशी पाठवली. कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण घालून डंकावर कांडलेला लाल मसाला, जो आमटीत, भाजीत आणि मटणाच्या रश्श्यात पडतो. पुण्याच्या बाईंच्या मनात होती खोबरं-लसणाची कोरडी चटणी. त्यांनी पार्सल उघडलं, गरम भाकरीवर चमचाभर घेतली, वर तेल सोडलं. पहिल्या घासानंतर जो फोन आला तो मावशी अजून विसरलेली नाही.

त्या रात्री ती मला म्हणाली, "आपणही रील-बिल करू या का गं? लोकांना कळतच नाही आपल्याकडे काय मिळतं."

मी तिच्या मोबाइलमधले निरोप वाचत बसले. चौकशा भरपूर होत्या. एकीने पत्ता दिला होता, तिला भाव कळवायचा राहिला होता. एकाने पैसे पाठवले होते, पण ते निरोप नातेवाइकांच्या सुप्रभातांखाली गेले होते. "उद्या सांगते" असं लिहून चार-चार दिवस झालेले तर कितीतरी. गिऱ्हाईक दारापर्यंत येत होतं आणि आत कोणी नाही बघून परत जात होतं. अशा दारात आणखी गर्दी जमवून काय करणार? म्हणून आम्ही रील शेवटाकडे ढकललं आणि आधी गल्ला लावला. त्याचाच क्रम इथे देते. मावशीचा धंदा मार्च ते मे चटणी, पापड, कुरडया, सांडगे आणि दिवाळीत फराळ असा आहे. तुमचा शिवणकामाचा, रोपवाटिकेचा किंवा मेसच्या डब्यांचा असेल, तरी क्रम फारसा बदलत नाही.

धंद्याचा नंबर वेगळा

पहिलं काम म्हणजे धंद्यासाठी वेगळं सिम घेणं आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाकणं. हे अ‍ॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅपबरोबर त्याच फोनमध्ये चालतं. फक्त दोन्हींना नंबर वेगळे लागतात. दुकानात जुना लँडलाइन असेल तर तोही चालतो, खात्रीचा कोड फोन करून सांगितला जातो. मावशीचा नंबर मात्र पंधरा वर्षं सगळ्यांकडे होता, तो सोडायला ती तयार नव्हती. मग आम्ही उलटं केलं. जुना नंबर धंद्याला दिला आणि नातेवाइकांना नवा. आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय झाली. जुन्या नंबरावर बिझनेस अ‍ॅप टाकण्याआधी गप्पांचा बॅकअप घ्यायला विसरू नका.

या सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. बराच काळ बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि मग तुमच्या चटणीच्या ऑर्डरी कुठल्यातरी अनोळखी माणसाकडे जायला लागतात. आणि लगेच, त्याच बैठकीत, सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याच्या दुसऱ्या कुलुपाचा, सहा आकडी पिन लावा. तो घरातल्या एका वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नको.

प्रोफाइलमध्ये फोटो मालाचा किंवा पाटीचा लावा, देवाचा नको. वेळ लिहा. मावशीने सकाळी ९ ते संध्याकाळी ७ लिहिली, आणि रात्री साडेअकराला "ताई, आहात का?" म्हणणाऱ्यांसाठी अवे मेसेज लावला: "आता काम बंद आहे. सकाळी ९ नंतर उत्तर देते. भाव बघायचे असतील तर वर कॅटलॉग आहे." ग्रीटिंग मेसेज वेगळा असतो. कोणी पहिल्यांदा निरोप पाठवला किंवा १४ दिवसांच्या खंडानंतर पाठवला, की तो आपोआप जातो. त्यात स्वागताचं लांबण लावू नका. काय हवं, किती हवं आणि कुठल्या गावी, एवढं विचारलं की अर्धं काम झालं.

खाण्याचा माल विकत असाल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते. साध्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे. मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर तर छापाच, पण प्रोफाइलमध्येही टाका. परगावचं गिऱ्हाईक तुमचं स्वयंपाकघर बघू शकत नाही, तो क्रमांक बघतं.

कॅटलॉग: नाव गिऱ्हाइकाच्या भाषेत

भाकरीवरच्या त्या प्रसंगाचा उपाय इथे होता. कॅटलॉगमध्ये मालाचा फोटो, नाव, भाव आणि माहिती टाकता येते, ५०० वस्तूंपर्यंत. मावशीच्या वस्तू अकरा. त्या अकरा लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यातला एक तास एकट्या चटणीवर गेला.

मावशीने आधी लिहिलं होतं, "घरगुती चटणी, एक नंबर." शेवटी ठरलं ते असं: "कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला (चटणी). भाजी, आमटी, रस्सा करताना घालायचा. नुसता खायचा नाही. ब्याडगी आणि लवंगी मिरची, मध्यम तिखट. अर्धा किलो, एक किलो. फ्रीजबाहेर, कोरड्या बरणीत ठेवावा." यातलं 'नुसता खायचा नाही' हे मावशीला अपमानास्पद वाटलं. "एवढं कोण सांगतं?" आपण सांगायचं, कारण कुरडई आणि सांडग्याचंही तेच आहे. मुंबईत वाढलेल्या मुलीला सांडगा तळायचा की भाजीत घालायचा, हे माहीत असेलच असं नाही. तिला विचारायची लाज वाटते आणि ती विकत घेत नाही.

वजन आणि भाव दोन्ही लिहाच. "भावासाठी इनबॉक्स करा" हे वाचून अर्धे लोक निघून जातात, मी स्वतः जाते. मिरचीचे भाव हंगामात हलतात हे खरं, पण म्हणून भाव लपवायचा नसतो. बदलला की कॅटलॉगमध्ये बदलायचा. कुरिअरचा खर्च वेगळा असेल तर तोही तिथेच सांगा.

फोटोचं म्हणाल तर महागडा फोन लागत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी टेबल लावा, फ्लॅश बंद ठेवा, ट्यूबलाइटही बंद करा. स्टीलचं ताट नको, त्यात खिडकी आणि फोटो काढणाऱ्याचं डोकं दोन्ही दिसतं. पांढऱ्या सुती कापडावर पितळी वाटी ठेवली तर लाल रंग खुलतो. पण रंग वाढवणारे फिल्टर मसाल्याला लावू नका. पाकीट फोडल्यावर रंग तसा निघाला नाही तर गिऱ्हाईक भेसळीचा संशय घेतं. कुरडईचे दोन फोटो ठेवा, वाळलेली आणि तळलेली. शेजारी एखादी लहान वाटी असू द्या, म्हणजे आकार कळतो.

लेबल: खरा गल्ला हाच

माझ्या मते या सगळ्या अ‍ॅपमधली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित सोय म्हणजे लेबल. गिऱ्हाइकाच्या गप्पेवर रंगीत चिठ्ठी लावायची, एवढंच. अ‍ॅप २० लेबलं देतं. पाचांच्या वर जाऊ नका. आमची पाच अशी: विचारलंय, पैसे यायचेत, पैसे आले, पाठवायचंय, पाठवलं. अ‍ॅपमध्ये तयार लेबलं असतात, पण मावशीने ती काढून स्वतःच्या बोलीतली ठेवली आणि तेव्हापासूनच ती वापरायला लागली.

रोजची पद्धत अशी. निरोप आला की 'विचारलंय'. ऑर्डर ठरली की 'पैसे यायचेत'. बँकेत पैसे दिसले की पुढचं. दुपारी दोन वाजता, जेवण झाल्यावर, मावशी 'पाठवायचंय' उघडते, तेवढीच पार्सलं बांधते आणि पावतीचा फोटो टाकून लेबल बदलते. रात्री फक्त 'विचारलंय' बघायचं: दोन दिवस झालेल्यांना एक निरोप. "ताई, मसाल्याचं काय ठरलं? शुक्रवारी पुढचं कांडप आहे, हवं असेल तर तुमचं धरते." एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की तो तगादा होतो. आता हंगामात ती फोनवर तासाभराच्या वर बसत नाही. आधी दिवसभर फोन हातात असायचा आणि तरी गोंधळ.

जोडीला क्विक रिप्लाय लावा. रोज तीच उत्तरं लिहायची असतात: पत्ता कसा पाठवायचा, पार्सल किती दिवसांत पोचतं, पैसे कशावर द्यायचे. ती साठवून ठेवली की तिरकी रेघ टाइप करून निवडता येतात. मावशीला टाइप करायचा कंटाळा आहे. तिने ती बोलून लिहवून घेतली, फोनच्या कीबोर्डवरचा माइक मराठी बऱ्यापैकी ओळखतो. 'कुरडया'चं 'कुऱ्हाडी' झालं तेवढं आम्ही हाताने सुधारलं.

आणि एक वही. हो, कागदाची. नाव, नंबर, गाव, काय घेतलं, कधी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सहा तासांच्या आसपास बंद पडले होते. नवरात्र तोंडावर होतं. ज्यांचं सगळं गिऱ्हाईक फक्त त्या अ‍ॅपात होतं त्यांच्याकडे साधा फोन करायलाही नंबर हाताशी नव्हते. वही नको असेल तर गूगल शीट ठेवा, पण यादी आपल्या मालकीची असू द्या.

माहिती कळवायची, पण कोणाला?

नवा माल निघाला की ब्रॉडकास्ट यादी वापरा, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ नंबर मावतात, आणि निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय. लोक याला तोटा समजतात; मला ती चाळणी वाटते. ज्याला तुम्ही हवे आहात त्यालाच तुम्ही दिसता. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये मावशी एक चिठ्ठी टाकते: "हा नंबर 'चटणीवाल्या काकू' म्हणून सेव्ह करा, पुढच्या कांडपाची तारीख कळवीन."

सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून शेकड्यांनी निरोप धाडू नका, विचारल्याशिवाय कोणाला ग्रुपमध्ये ओढू नका. चार जणांनी तक्रार केली की खातं बंद होऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाची जी बनावट अ‍ॅपं 'जास्त सोयी' देतात म्हणून फिरतात, त्यांनीही तेच होतं.

पैसे आले म्हणजे बँकेत आले

गेल्या दिवाळीत एकाने तीन हजारांच्या फराळाची ऑर्डर दिली, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि "माणूस दारात उभा आहे, लवकर द्या" म्हणून घाई लावली. मावशीने डबे दिले. पैसे कधीच आले नाहीत, तो स्क्रीनशॉट दुसऱ्याच कुठल्या व्यवहारावर आकडे बदलून केलेला होता. त्यानंतर घरात नियम झाला: स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. यूपीआय अ‍ॅपमधली नोंद बघायची किंवा बँकेचा मेसेज, तोही बँकेकडूनच आलाय का हे पाहून. गर्दी असेल तर क्यूआरचा बोलणारा डबा घ्या, त्याचं भाडं तेवढं आधी विचारा.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "चुकून जास्त गेले, परत करा" म्हणणाऱ्याला आधी आपल्या खात्यात खरंच काही आलंय का ते बघून उत्तर द्या. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून येणारी एपीके नावाची (फोनमध्ये परस्पर प्रोग्रॅम बसवणारी) फाइल उघडू नका. धंद्याच्या फोनवर अनोळखी नंबरांवरून निरोप येणं रोजचं असतं, म्हणून तुम्ही सोपी शिकार असता. आणि फसलातच तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

नकाशावर दिसा

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि गावातल्या गिऱ्हाइकासाठी रीलपेक्षा जास्त कामाचं आहे. महाद्वार रोडवर उभा असलेला पाहुणा रील शोधत नाही, "जवळ कांदा लसूण मसाला" शोधतो. प्रोफाइल काढताना नावात फक्त खरं नाव लिहा. 'बेस्ट कोल्हापुरी मसाला पापड कुरडई' असं नाव ठेवलं तर गूगल ते बंद करू शकतं. घरून विकत असाल आणि लोकांनी दारात यावं असं वाटत नसेल तर पत्ता लपवून सेवा देता ती गावं टाकता येतात. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, काम चालतं ती जागा. आमच्याकडे पाटीच नव्हती. रंगाऱ्याकडून चारशे रुपयांत करून घेतली, तिचाही उपयोग झालाच.

अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सूट किंवा पाकीट देऊ नका, ते नियमाबाहेर आहे. मावशी पार्सल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी लिंक पाठवते. एकच तारा (स्टार) दिलेला अभिप्राय आला तर भांडू नका. "पापड तुटके निघाले, चूक आमच्या बांधणीची, आता जाड पुठ्ठ्यात पाठवतो" हे तिचं उत्तर वाचून नंतर दोघांनी ऑर्डर दिली.

आता रील

आता करा. नाचायची गरज नाही. मावशीचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ अठरा सेकंदांचा आहे. डंकाचे दणके, उडणारी लाल धूळ, आणि शेवटी मावशीची शिंक. उभा धरलेला फोन, पहिल्याच क्षणी डंक, बोलणं नाही. मूळ आवाज तसाच ठेवला. बिझनेस खात्याला तशीही सगळी सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, आणि डंकाच्या आवाजापुढे गाणं काय करणार?

खालच्या मजकुरात मालाचं नाव, गाव आणि ऑर्डर कशी द्यायची हे साध्या मराठीत लिहा. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामवरच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्टी गूगलच्या शोधातही येऊ लागल्या आहेत. "फीलिंग स्पायसी" लिहून तुम्ही कोणाच्याच शोधात सापडणार नाही. "सांडगे कसे तळायचे" लिहून सापडाल. आठवड्याला एक पुरे.

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी

'बूस्ट'चं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दिसलं की बोट शिवशिवतं. थांबा. जी पोस्ट फुकटात चालली नाही ती पैशाने क्वचितच चालते. करायचीच तर अशी जाहिरात करा की दाबल्यावर थेट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येईल. निरोप मोजता येतात, लाइकचं काय करायचं? गाव निवडा. 'संपूर्ण महाराष्ट्र' नको, जिथे पार्सल स्वस्तात आणि वेळेत जातं ते एक शहर.

हिशेब मांडूनच बघा. समजा पाच दिवस रोज २०० रुपये ठेवले. १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये. त्यातून ३० चौकशा आणि ८ ऑर्डरी झाल्या तर एका गिऱ्हाइकामागे साधारण १४८ रुपये गेले. किलोभर मसाल्यात तुम्हाला सुटतात १२० रुपये. म्हणजे पहिल्या पार्सलला तोटा, आणि तेच गिऱ्हाईक दिवाळीत परत आलं तरच जाहिरात फळली. मसाल्याचं गिऱ्हाईक परत येतं, म्हणून मावशी हा तोटा सोसते. लग्नाचा रुखवत करून देणाऱ्या बाईंनी सोसू नये.

नव्या सोयींच्या बातम्या

दर आठवड्याला कोणीतरी सांगतं की आता चॅनेल काढा, आता एआयकडून मजकूर लिहून घ्या. मी मावशीसाठी तीनच गोष्टी बघते: याने आज येणारं गिऱ्हाईक थांबतं का, याला पुढे पैसे लागतील का, आणि हे उद्या बंद झालं तर आमचं काय जातं. २९ जून २०२० ला टिकटॉक भारतात बंद झालं तेव्हा ज्यांचा सगळा व्याप तिथेच होता ते रात्रीत रस्त्यावर आले. जुलै २०२४ च्या शेवटी गूगलने बिझनेस प्रोफाइलवरची गप्पांची सोय बंद केली, त्याच वर्षी तिथे फुकट बनवलेली छोटी संकेतस्थळंही गेली. त्या पत्त्याचे बोर्ड रंगवलेले दुकानदार असतील, त्यांची मला अजून चुटपुट लागते. छापील पाटीवर फोन नंबर मोठा, बाकी सगळं लहान.

हंगाम संपताना

मेच्या शेवटी वळवाचे दोन पाऊस झाले की वाळवण थांबतं. त्या आठवड्यात तासभर काढा. संपलेला माल कॅटलॉगमधून लपवा, काढून टाकू नका, म्हणजे फोटो पुन्हा काढावे लागत नाहीत. अवे मेसेज बदला. 'पैसे यायचेत' लेबल उघडून उरलेली वसुली करा. फोनमधल्या गप्पांचा बॅकअप, वहीची शेवटची बेरीज.

मावशी त्या दिवशी आणखी एक काम करते. ज्यांनी दोनदा माल घेतला त्या सगळ्यांना एकेक निरोप, ब्रॉडकास्ट नाही, नाव घालून: "पुढचं कांडप मार्चात. तुमचं नाव धरू का?" यंदा त्रेसष्ट जणांनी हो म्हटलं. त्यात पुण्याच्या त्या बाईही होत्या. त्यांनी खाली लिहिलं होतं, "एक किलो मसाला. आणि ती कोरडी चटणी करत असाल तर तीही."

मावशीने कॅटलॉगमध्ये बारावी वस्तू टाकली.